यंत्र घरात, सोबत कोणाची?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मूल शाळेत असते ते दिवसातील पाच-सहा तास. उरलेला सारा वेळ ते घरी, अंगणात, गल्लीत आणि शेताच्या बांधावर काढते. म्हणून मुलाच्या शिक्षणाचा विचार घराला वगळून करता येत नाही, हे तत्त्व प्रत्येक शिक्षकाने अध्यापन विद्यालयातच अभ्यासलेले असते. या घरात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवी वस्तू येऊन बसली आहे. घड्याळ, रेडिओ, टपाल, कॅमेरा, हिशेबाची वही आणि करमणुकीचा तंबू या साऱ्यांची कामे ती एकटीच करते. ती वस्तू म्हणजे मोबाइल. तिच्या सहवासात मुले कशी राहतात, काय शिकतात आणि त्यांचे काय शिकावयाचे राहून जाते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयावर पालकसभांतून दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, या यंत्राने मुले बिघडली. ते त्यांच्या हाती देऊच नये. दुसरा पक्ष म्हणतो, आता सारे ज्ञान या यंत्रातच आहे; जितक्या लवकर हाती द्यावे तितके मूल पुढे जाईल. दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही यंत्राकडे पाहतात. यंत्राजवळ कोण बसले आहे, हे कोणीच पाहत नाही. वस्तुतः मुलाच्या शिक्षणाचा निकाल बव्हंशी याच दुसऱ्या गोष्टीवर लागत असतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालांनुसार, २०१८ साली पाहणीतील सुमारे ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पुष्कळ कुटुंबांनी, कित्येकदा पोटाला चिमटा घेऊन, मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून हे यंत्र विकत घेतले. परंतु त्याच २०२१ च्या अहवालात आणखी एक आकडा आहे आणि तो प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांच्यापैकीही २६.१ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. म्हणजे यंत्र घरात असणे आणि ते मुलाला मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

याचे कारण गावात राहणाऱ्यास सांगावयास नको. घरातील एकुलता एक चांगला मोबाइल बहुधा वडिलांच्या खिशात असतो. पहाटे ते दुधाच्या डेअरीवर, रोजगारावर किंवा बाजाराला गेले की त्यांच्याबरोबर मोबाइलही जातो आणि दिवेलागणीनंतर परत येतो. त्या वेळी मूल पेंगुळलेले असते. घरात दोन-तीन भावंडे असली तर पुन्हा वाटणी होते. आणि अशा वाटणीत मुलीचा क्रम अनेक घरांत शेवटचा लागतो. २०२४ च्या ‘असर’ अहवालात चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींची माहिती आहे. त्यांत ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के आहेत. त्याच वयोगटात अगोदरच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी फोन वापरलेले ५७ टक्के आढळले, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. ज्या कारणासाठी यंत्र घरात आले, ते कारण मागे पडून दुसरेच पुढे गेले, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

शिक्षणासाठी यंत्राचे साहाय्य घेण्याची कल्पना मात्र आजची नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत प्रत्येकी एक सार्वजनिक संच बसविण्यात आला होता. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी मोठ्या माणसांसाठी कार्यक्रम होत असत. त्या काळी यंत्र एक आणि पाहणारे अनेक, अशी स्थिती होती. मुले एकत्र बसत, एकत्र हसत आणि न समजलेले शेजारच्याला विचारीत. आज पाहणारा एक आणि यंत्रही एकच. मान खाली घालून, कानात बोंडे घालून मूल एकटे पाहते. त्याला काय समजले व काय समजले नाही, याचा पत्ता घरातील कोणालाच नसतो. यंत्र सुधारले, पण त्याच्याभोवती जमणारी माणसे पांगली. या बदलाकडे शिक्षकाने लक्ष दिले पाहिजे.

मूल माणसापासून जसे शिकते तसे पडद्यापासून शिकते काय, या प्रश्नाचा शास्त्रीय शोधही घेतला गेला आहे. अमेरिकेतील संशोधिका पॅट्रिशिया कूल आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सुमारे नऊ महिन्यांच्या बालकांचे त्यांनी गट केले. एका गटाशी चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष समोर बसून खेळली व बोलली. दुसऱ्या गटास तीच भाषा तितकाच काळ पडद्यावर दाखविण्यात आली. प्रत्यक्ष सहवास मिळालेल्या बालकांना त्या भाषेतील ध्वनींचे भेद ओळखता येऊ लागले. पडदा पाहिलेल्यांच्या पदरी काही पडले नाही. कान तेच, ध्वनी तेच. उणीव होती ती समोरच्या माणसाची. बालक पाहते, हसते, हुंकार देते आणि समोरचे माणूस त्याला उत्तर देते; या देवघेवीतून भाषा रुजते. पडदा बोलतो, पण तो ऐकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील बालकांसाठी दिलेल्या मार्गदर्शनाचा रोखही हाच आहे. एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच दाखवू नये, एक वर्षाच्या बालकाच्या बाबतीतही तो टाळावा आणि दोन ते चार वर्षांच्या बालकास दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक काळ पडद्यासमोर बसवू नये; त्याहून कमी असेल तर अधिक चांगले, असे त्यात म्हटले आहे. अंगणवाडीतील बालक घास घेत नाही म्हणून त्याच्यासमोर मोबाइल धरणारी माता काही निष्ठुर नसते. तिला चूल, गोठा आणि शेत ही तिन्ही कामे उरकावयाची असतात. तिला दोष देऊन काही साधणार नाही. बालक जेवताना घरातील आजीने किंवा थोरल्या भावंडाने त्याच्याशी चार शब्द बोलावेत, काऊचिऊच्या घासाची जुनी रीत सोडू नये, एवढे तिला आणि घरच्या मंडळींना आपुलकीने सांगता येण्यासारखे आहे.

येथे कोणी विचारील, मग मोठ्या मुलांनीही यंत्रापासून दूरच राहावे काय? तसे नाही. सोबत मिळाली तर हेच यंत्र फार मोठे काम करते, याचीही उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. शाळा बंद असताना २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर ती आधारलेली होती. नुसते व्याख्यान न ऐकविता घरातील व परिसरातील साध्या वस्तू घेऊन, मोठ्यांच्या साहाय्याने मुलांनी करावयाच्या कृती तीत दाखविल्या जात. पडद्यावर पाहिलेले पडद्याबाहेर करावयाचे, हे या योजनेचे मर्म होते.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मुलाने धड्याशेजारच्या त्या चौकोनी खुणेवर मोबाइल धरला की त्या धड्याचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत उघडे. या कार्याबद्दल त्यांना २०२० सालचे ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले आणि दहा लक्ष डॉलरच्या त्या पारितोषिकातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. या उपक्रमात पुस्तक मध्यभागी राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मूल पुस्तकातून यंत्राकडे गेले आणि परत पुस्तकाकडे आले. जेथे परतीची वाट आखलेली असते, तेथे मूल सहसा भरकटत नाही.

तिसरे उदाहरण कोणत्याही घरी सापडेल. आज कित्येक घरांत मूल हेच कुटुंबाचे वाचक झाले आहे. बँकेचा संदेश आला, विजेच्या बिलाची सूचना आली, बाजार समितीतील कांद्याचा भाव आला किंवा पावसाचा अंदाज आला की आजी-आजोबा नातवंडास हाक मारतात. चौथी-पाचवीचे मूल तो मजकूर वाचते व आपल्या शब्दांत समजावून देते. हे वाचन परीक्षेसाठी नसते. त्यावर घरचा एखादा निर्णय अवलंबून असतो. म्हणूनच ते खऱ्या अर्थाने वाचन होय. आजीला अक्षर येत नाही, पण बाजार कळतो. नातीला अक्षर येते, पण बाजार कळत नाही. दोघी एका यंत्राशी बसल्या की दोघींचे शिक्षण होते.

गणिताच्या तासालाही हे यंत्र बंद ठेवूनच वापरता येते. मोबाइलचे रिचार्ज पुष्कळदा अठ्ठावीस दिवसांच्या मुदतीचे असते. घरची माणसे त्याला महिन्याचे रिचार्ज म्हणतात. शिक्षकाने फळ्यावर प्रश्न मांडावा: वर्षाचे महिने बारा, मग वर्षभरात अठ्ठावीस दिवसांची रिचार्जे किती होतील? मुले ३६५ ला २८ ने भागतील, भागाकार तेरा आणि बाकी एक येईल. बारा नव्हेत, तर तेरा! तो तेराव्या वेळचा खर्च कोठून आला, हे मूल घरी जाऊन आईला समजावून सांगेल तेव्हा त्या आईला शाळेच्या गणिताचा उपयोग निराळा सांगावा लागणार नाही.

मुलाच्या हाती घरचा व्यवहार आला की त्याबरोबर धोकाही येतो. पैशाच्या व्यवहारासाठी येणारा गुप्त अंक कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगावयाचा नाही, अनोळखी दुव्यावर बोट ठेवावयाचे नाही आणि भीती वाटेल असे काही दिसले तर ते लपवून न ठेवता मोठ्यांना दाखवावयाचे, या तीन गोष्टी परिपाठाच्या वेळी वारंवार सांगितल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंहून महत्त्वाची आहे. ज्या घरात मूल मोबाइलविषयी बोलले की केवळ रागावणे वाट्याला येते, तेथे मूल संकटातही बोलत नाही.

आता घराच्या शिस्तीचा प्रश्न. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही मुलांचा संध्याकाळचा वेळ मोबाइल आणि दूरचित्रवाणी यांतच जातो, हे पाहून त्या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक ठराव केला. सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजावा आणि घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद व्हावेत. साडेआठ वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करावा व मोठ्यांनी वाचन किंवा गप्पागोष्टी कराव्यात, असा तो ठराव होता. भोंगा वाजविणे सोपे होते. तो पाळला जाणे अवघड. म्हणून आरंभी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि सेवानिवृत्त शिक्षक घरोघर फिरले व लोकांना समजावीत राहिले.

या उदाहरणातील सार भोंग्यात नाही. भोंगा कोणत्याही गावाला विकत मिळेल. त्या गावाने नियम मुलांपुरता न ठेवता मोठ्यांनाही लागू केला, हे त्यातील सार आहे. वडील मालिका पाहत आहेत, थोरला भाऊ अंथरुणावर पडून व्हिडिओ पाहत आहे आणि धाकट्याला मात्र कोपऱ्यात पाढे म्हणावयास बसविले आहे, अशा घरात अभ्यास ही शिक्षा वाटते. सारे घर दीड तास एकाच नियमाखाली आले म्हणजे तोच अभ्यास घराची रीत होतो. मूल उपदेश ऐकते थोडे आणि अनुकरण करते फार, ही गोष्ट शिक्षकांस नव्याने सांगण्याची गरज नाही.

आतापर्यंत घराचा विचार झाला. परंतु शाळेनेही स्वतःच्या वागणुकीकडे पाहावयास हवे. साथीच्या काळात शाळांना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवरून स्वाध्याय पाठवावे लागले; तो आपद्धर्म होता. शाळा उघडल्या, फळा परत मिळाला, खडू परत मिळाला. परंतु गटावर गृहपाठ टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी राहून गेली. या सवयीचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही मुलालाच भोगावे लागतात.

ज्या मुलीच्या वडिलांचा मोबाइल रात्री नऊ वाजता घरी येतो, तिला गृहपाठ काय आहे हेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तिला उभे केले जाते. ती म्हणते, “मोबाइल नव्हता.” हे उत्तर सबब म्हणून ऐकले जाते, खरे पाहता तो तिच्या घरच्या परिस्थितीचा दाखला असतो. असे चार-सहा वेळा झाले की ती उत्तर देणेच सोडते आणि पुढे कधीतरी शाळेत येणेही टाळू लागते. आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जाऊन आलेल्या किंवा वीटभट्टीवर राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हा धोका अधिकच आहे. ज्या शाळेची दारे सर्वांस सारखी उघडी आहेत, तिने अशा रीतीने एक अदृश्य उंबरठा उभा करावा, हे कोणत्याही शिक्षकास मान्य होणार नाही.

उलटपक्षी, ज्या घरात मोबाइल सहज मिळतो, तेथील मूल गृहपाठाच्या निमित्ताने तो हाती घेते. गृहपाठ दहा मिनिटांचा असतो. मोबाइल खाली ठेवला जातो दोन तासांनी. मातेने हटकले तर मूल म्हणते, “गुरुजींनी पाठवलाय.” येथे शाळेचे नाव ढालीसारखे वापरले जाते आणि घराची शिस्त शाळेच्याच हातून मोडते. म्हणजे एकाच सवयीने एका मुलावर अन्याय होतो आणि दुसऱ्याचे नुकसान होते.

म्हणून जे फळ्यावर लिहिता येते, ते मोबाइलवर पाठवू नये. गृहपाठ वर्गातच वहीत उतरवून द्यावा. गटाचा उपयोग सभा, सुट्टी, लसीकरण अशा सूचनांपुरता ठेवावा आणि तीच सूचना ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी शाळेच्या फलकावरही लिहावी. एखादी चित्रफीत किंवा ध्वनिफीत खरोखरच उपयुक्त असेल, तर ती शाळेतील संचावर सर्वांना एकत्र दाखवावी, मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत आणि शेवटी मुलांच्या हातून काही करवून घ्यावे. बी कसे रुजते हे पडद्यावर पाहिल्यानंतर मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवली नाही, तर तो पाठ अर्धाच राहिला असे समजावे.

यापुढील पालकसभेत “मुलांना मोबाइल देऊ नका” एवढे सांगून थांबण्याऐवजी चार प्रश्न विचारणे अधिक हिताचे ठरेल. घरात मोबाइल किती आणि ते कोणत्या वेळी घरी असतात? मूल ते पाहते तेव्हा जवळ कोण असते? मुलगा व मुलगी यांना तो सारखाच मिळतो काय? आणि घरातील सर्व माणसे यंत्र बाजूला ठेवून बसतात, अशी दिवसातील एखादी वेळ ठरलेली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या नावापुढे टिपून ठेवली, तर वर्गात कोण का मागे राहतो, याचा उलगडा होण्यास मोठे साहाय्य होईल. ज्या घरी कोणालाच वाचता येत नाही, तेथे सोबत कोणी करावयाची, ही अडचण खरी आहे. परंतु सोबत करण्यासाठी विद्वत्ता लागत नाही. “काय पाहिलेस? मला सांग बरे,” असे म्हणणारी निरक्षर माताही आपल्या मुलाला पाहिलेल्या गोष्टीचा विचार करावयास लावते.

यंत्रे यापुढेही बदलत जातील. आज जी मुलाच्या प्रश्नाला लेखी उत्तर देतात, ती उद्या त्याच्याशी अधिक सफाईने बोलतील आणि तयार उत्तराचा मोह आणखी वाढेल. त्या वेळीही शिक्षकाला पाहावयाचे ते हेच, की मुलाने उत्तर मिळविले की समजून घेतले, आणि ते समजले आहे काय हे विचारणारे कोणी त्याच्याजवळ होते काय. सायंकाळी दिवा लागल्यावर आपल्या वर्गातील कोणत्या मुलाजवळ कोण बसलेले असेल, हे ज्या शिक्षकाला सांगता येते, त्याला मोबाइलची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्यांच्याजवळ कोणीच बसत नाही अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांची नावे या महिन्यातच काढावीत, त्यांच्या घरी एकवार जाऊन यावे आणि पुढील परिषदेत त्यासंबंधी केलेल्या प्रयत्नांची माहिती सर्वांसमोर ठेवावी, एवढी विनंती करून हे भाषण येथे पूर्ण होत आहे.